पायथन: तोच मजकूर पुन्हा पुन्हा छापणे (गुणिले, जॉइन आणि देवनागरीतले घोळ)

एरंडवणे_वर्ग
आठवी-नववीच्या मुलांसाठी सुट्टीतला पायथनचा वर्ग आहे. पहिल्या आठवड्यात मजकुराची पुनरावृत्ती घ्यायची आहे. गुणिले चिन्हाने मजकूर पुन्हा छापता येतो एवढं मुलांना पाच मिनिटांत कळतं, पण पुढे काय अडतं याची यादी हाताशी हवी. दोन ठिकाणं आत्ताच दिसताहेत: मजकुरांच्या मध्ये स्वल्पविराम कसा घालायचा, आणि मराठी शीर्षकाखाली मोजून रेघ कशी मारायची.

धाग्यापुरता संकेत: कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहूया (प्रिंट, इनपुट, इंट, फॉर). यंत्रावर टंकताना ते इंग्रजी लिपीतच. कोडमधले आकडेही इंग्रजीच ठेवा.

पेठेतला_पायथन
मूळ नियम एका ओळीचा: मजकूर गुणिले पूर्णांक.

    प्रिंट("मोरया! " * 3)

उत्तर: मोरया! मोरया! मोरया!

क्रम उलटा, म्हणजे 3 * "मोरया! " लिहिला तरी तेच. शून्याने गुणलं तर रिकामा मजकूर. ऋण संख्येने गुणलं तरी रिकामाच, आणि तक्रार अजिबात नाही. वजाबाकीतून आलेली संख्या चुकून ऋण झाली तर ओळ गुपचूप गायब होते आणि मुलं प्रिंटमध्ये चूक शोधत बसतात. हे फळ्यावर करून दाखवा.

आता प्राधान्यक्रम. गणिताप्रमाणेच गुणाकार आधी, बेरीज नंतर.

    "गणपती बाप्पा " + "मोरया! " * 3

इथे बाप्पा एकदा आणि मोरया तीनदा. अख्खी घोषणा तीनदा हवी तर कंस:

    ("गणपती बाप्पा " + "मोरया! ") * 3

यात एक खोच आहे. मधलं अधिक चिन्ह विसरलं तर काय होईल?

    "गणपती बाप्पा " "मोरया! " * 3

चूक येईल असं वाटतं, पण येत नाही. शेजारी-शेजारी लिहिलेली दोन अवतरणं पायथन वाचतानाच चिकटवतो, गुणाकाराच्याही आधी. त्यामुळे कंस नसूनही अख्खी घोषणा तीनदा येते. अधिक असताना एक उत्तर, नसताना दुसरं.

औंधची_शिक्षिका
स्वल्पविरामाबद्दल. मुलं हमखास "मोरया, " * 3 करतात आणि शेवटी एक स्वल्पविराम लोंबकळत राहतो. मग कुणी शेवटची दोन चिन्हं छाटतो, कुणी आरस्ट्रिप (मजकुराच्या शेवटची नको ती चिन्हं काढणारं) लावतो. चालतं, पण मुळात यादी करून जोडणं स्वच्छ:

    ", ".जॉइन(["मोरया"] * 3)

इथे चौकोनी कंस महत्त्वाचा. गुणाकार मजकुराचा नाही, एका घटकाच्या यादीचा आहे. तीन घटकांची यादी होते आणि जॉइन त्यांच्या मधल्या दोन फटींतच स्वल्पविराम घालतो.

कंस विसरून ", ".जॉइन("मोरया" * 3) लिहिलं तर मजकुराचं एकेक चिन्ह सुटं होतं. इंग्रजी शब्दात ते नुसतं विचित्र दिसतं. मराठीत काने-मात्रेसुद्धा सुटे पडतात आणि पडद्यावर म, मग ठिपक्यांच्या गोलाला टांगलेला ओकार, मग र अशी वरात निघते. ठिपक्यांचा गोल दिसला की समजावं, मात्रा अक्षरापासून तुटली आहे.

नुसतं छापायचंच असेल तर:

    प्रिंट(*["मोरया!"] * 3, सेप=", ")

सुरुवातीची चांदणी यादी उलगडते, दुसरी गुणते; सेप म्हणजे मधे घालायचं चिन्ह. नवख्यांना दोन चांदण्या एकाच ओळीत देऊ नका, असं माझं मत. पण प्रिंट("मोरया!" * 3, सेप=", ") ही ओळ मुद्दाम चालवून दाखवा. सेपचा काहीही परिणाम होत नाही, कारण गुणाकारानंतर प्रिंटकडे एकच गोष्ट पोहोचते. मधे घालायला फटच नाही.

धायरी_फाटा
इनपुटबद्दल कुणीच बोललं नाही अजून. खरा गोंधळ तिथे आहे.

    भाडे = इनपुट("महिन्याचं भाडं? ")
    प्रिंट("वर्षाचं भाडं:", भाडे * 12)

सदाशिव पेठेतलं कॉट बेसिसचं 8500 घातलं तर 102000 यायला हवेत. येतं काय, तर 8500 हा मजकूर बारा वेळा एकापुढे एक: अठ्ठेचाळीस आकड्यांची लांब पट्टी. इनपुट नेहमी मजकूरच देतो, आणि मजकूर गुणिले 12 हे पायथनच्या दृष्टीने बिनचूक वाक्य आहे. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही.

गंमत म्हणजे 12 च्या जागी 1.05 लिहिलं (पाच टक्के भाडेवाढ) तर लगेच टाइपएरर येतो: मजकुराला अपूर्णांकाने गुणता येत नाही. वर्गात आधी अपूर्णांकाचं उदाहरण घेतलं तर मुलांचा समज होतो की असल्या चुका पायथन पकडतोच. म्हणून बाराचं आधी घ्या.

उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण कंस कुठे बंद होतो ते बघा:

    इंट(इनपुट("भाडं? ")) * 12
    इंट(इनपुट("भाडं? ") * 12)

पहिली ओळ बरोबर. दुसरीत आधी मजकूर बारा वेळा लागतो आणि मग त्या पट्टीची संख्या होते. पायथनच्या पूर्णांकाला ठरावीक कमाल मर्यादा नसल्याने अठ्ठेचाळीस आकडी संख्या तो आनंदाने घेतो.

नळस्टॉप
धायरी_फाटा, त्याला जोडून: मुलं मराठी कळफलकावरून ८५०० टाकतील तेव्हा?

धायरी_फाटा
इंट("८५००") चालतं, उत्तर 8500. इंट आणि फ्लोट दोघांनाही देवनागरी आकडे कळतात. ८,५०० असं स्वल्पविरामासकट दिलं तर मात्र व्हॅल्यूएरर. कोडमध्ये थेट "मोरया" * ३ लिहिलं तर सिंटॅक्सएरर, कारण कोडमधला आकडा 0 ते 9 याच चिन्हांत हवा. म्हणजे वापरणाऱ्याने देवनागरीत टाकलेलं चालतं, लिहिणाऱ्याने लिहिलेलं चालत नाही.

चलांची नावं देवनागरीत चालतात. २००८ सालच्या पायथन ३.० पासून ही सोय आहे. वरचं भाडे हे नाव खरोखर तसंच टंकून बघा.

कर्वेनगर_कोड
व्हॉट्सॲपवरून कोड उचलून चिकटवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वळणदार अवतरणचिन्हं पायथनला चालत नाहीत, सरळ हवीत. आणि गुणाकाराला × नाही, *. दोन्ही वेळा 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' असा सिंटॅक्सएरर येतो आणि त्यात त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांकही असतो. तो क्रमांक वाचायची सवय लावा, अर्धा तास वाचतो.

एरंडवणे_वर्ग
छान चाललंय. रेघेचं कुणी सांगेल का? हे असं केलं होतं:

    शीर्षक = "स्वारगेट"
    प्रिंट(शीर्षक)
    प्रिंट("-" * लेन(शीर्षक))

रेघ शब्दाच्या बरीच पुढे जाते.

पेठेतला_पायथन
लेन अक्षरं मोजत नाही, युनिकोडची चिन्हं मोजतो. स्वारगेट म्हणजे स, हलन्त, व, काना, र, ग, मात्रा, ट. झाली आठ. डोळ्यांना दिसतात चार: स्वा, र, गे, ट. पुणे दिसायला दोन, लेनला चार. कात्रज दिसायला तीन, लेनला सहा. शिवाजीनगर सहा आणि नऊ. प्रमाण ठरलेलं नसल्यामुळे 'लांबीच्या निम्मं घ्या' हाही उपाय नाही.

डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायची तर:

    इम्पोर्ट युनिकोडडेटा

    डेफ अक्षरे(शब्द):
        संख्या = 0
        मागचे = ""
        फॉर चिन्ह इन शब्द:
            गट = युनिकोडडेटा.कॅटेगरी(चिन्ह)[0]
            इफ गट != "एम" अँड मागचे != "्":
                संख्या += 1
            मागचे = चिन्ह
        रिटर्न संख्या

अवतरणातला एम म्हणजे इंग्रजी मोठा एम. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे युनिकोडच्या एम गटात येतात. ते वगळायचे, आणि हलन्तानंतर आलेलं व्यंजन मागच्याला जोडलेलं आहे म्हणून तेही वगळायचं. स्वारगेट 4, कात्रज 3.

औंधची_शिक्षिका
'दुसऱ्या' या शब्दावर हे फसू शकतं. काही कळफलक त्यातला रफार चंद्रकोरीसारखा दिसावा म्हणून साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. काही कळफलक नुक्त्याचा र (ऱ) वापरतात, त्यात अदृश्य काही नसतं. दिसायला शब्द एकच, लेन एकाला 8 देतो, दुसऱ्याला 7. तुमचं फंक्शन पहिल्या प्रकारात य वेगळा मोजेल, कारण त्याच्या मागे हलन्त नसून ते अदृश्य चिन्ह आहे.

पेठेतला_पायथन
बरोबर. अदृश्य जोडचिन्हाचा गट सीएफ. लूपच्या सुरुवातीला ते आलं तर कंटिन्यू करायचं, म्हणजे 'मागचे'मध्ये हलन्तच राहील आणि य मोजला जाणार नाही.

तरीही एरंडवणे_वर्ग, खरं सांगायचं तर हे सगळं रेघेसाठी करू नका. अक्षरं बरोबर मोजली तरी रेघ जुळेलच असं नाही. 'स्वा' आणि 'र' यांची पडद्यावरची रुंदी सारखी नसते, आणि ती टंकावर आणि खिडकीवर अवलंबून असते. प्रत्येक शीर्षकाखाली ठरावीक "-" * 40 मारा. सगळ्या रेघा सारख्या दिसतात आणि कुणी मोजायला जात नाही.

नळस्टॉप
मग तक्ते कसे जुळवायचे? एलजस्ट (उजवीकडे मोकळ्या जागा भरून ठरावीक रुंदी करणारं) सुद्धा लेननेच मोजत असणार.

कर्वेनगर_कोड
हो, एलजस्ट, सेंटर, एफ-स्ट्रिंगमधली रुंदी, सगळे लेनच्याच हिशोबाने जागा भरतात. मराठी नावांपुढे स्तंभ वाकडेच येणार. एक साधी युक्ती: मजकूर उजवीकडे ठेवा, पट्टी डावीकडे. खडकवासला साखळीच्या चार धरणांच्या उपयुक्त साठवण क्षमतेचा आलेख घ्या, आकडे टीएमसीत (अब्ज घनफुटांत):

    धरणे = [("टेमघर", 3.71), ("वरसगाव", 12.82),
            ("पानशेत", 10.65), ("खडकवासला", 1.97)]
    फॉर नाव, क्षमता इन धरणे:
        प्रिंट("█" * राउंड(क्षमता), नाव)

येतं असं:

    ████ टेमघर
    █████████████ वरसगाव
    ███████████ पानशेत
    ██ खडकवासला

सगळ्या पट्ट्या एकाच रेषेत सुरू होतात, नावं पट्टीच्या टोकाला. एक ठोकळा म्हणजे एक टीएमसी. पुण्याची पोरं पावसाळ्यात हे आकडे पेपरात बघतातच, त्यामुळे आलेख लगेच कळतो. खडकवासल्याची पट्टी एवढीशी का, हा प्रश्न येणारच.

इथे अपूर्णांकाचा धडा आपोआप होतो. "█" * 3.71 चालत नाही, पूर्णांकच हवा. इंट घेतलं तर अपूर्णांक छाटला जातो: 3, 12, 10 आणि 1. खडकवासल्याची 1.97 ची पट्टी एका ठोकळ्यावर येते, म्हणजे जवळजवळ निम्मी गायब. राउंडने 4, 13, 11, 2. मात्र ठोकळे मोजलेत तर 30 भरतात आणि खरी बेरीज 29.15 आहे. आलेख बघायला आहे, बेरजेला नाही, हे सांगून टाका.

राउंड(क्षमता, 0) लिहू नका. उत्तर 4.0 येतं, म्हणजे अपूर्णांकच, आणि पुन्हा टाइपएरर. दुसरा आकडा न देता राउंड(क्षमता) लिहिलं तरच पूर्णांक मिळतो.

धायरी_फाटा
त्याच जातीची चूक: "-" * (40 / 2). पायथन ३ मध्ये एकेरी तिरकी रेघ नेहमी अपूर्णांक देते, निःशेष भाग गेला तरी 20.0. दुहेरी तिरकी रेघ हवी, 40 // 2. पायथन २ मधून उतरवलेल्या जुन्या नोट्समध्ये एकेरी रेघ असते आणि त्या काळी ती चालायची. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स वापरणाऱ्यांनी एवढं तपासावं.

औंधची_शिक्षिका
सरावाला आकाशकंदील द्या. मनोऱ्याचं उदाहरण सगळीकडे असतं, पण मुलं कंदिलाचा वरचा आणि खालचा भाग दोन वेगळ्या लूपमध्ये लिहितात. एका लूपमध्ये होतो:

    फॉर आय इन रेंज(-4, 5):
        अंतर = एबीएस(आय)
        प्रिंट(" " * अंतर + "*" * (9 - 2 * अंतर))

आय -4 ते 4 जातो, म्हणून ओळी नऊ. एबीएस ऋण चिन्ह काढून टाकतो. टोकाला चार मोकळ्या जागा आणि एक चांदणी, मध्ये शून्य जागा आणि नऊ चांदण्या. मधल्या ओळीत " " * 0 म्हणजे रिकामा मजकूर, तिथे वेगळी अट लागत नाही. रेंजचा शेवटचा आकडा धरला जात नाही म्हणून 5. तिथे 4 लिहिलं तर खालचं टोक तुटतं.

चांदण्यांनंतर उजवीकडच्या मोकळ्या जागा छापायची गरज नाही. त्या दिसत नाहीत, पण उत्तर तपासणारी प्रणाली अक्षरशः तुलना करत असेल तर तिथे गुण जातात.

आणि चांदणीऐवजी मराठी अक्षर घालून कंदील करायचा मोह आवरा. रुंदीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

नळस्टॉप
यादीचा गुणाकार वर आला म्हणून विचारतो. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा नकाशा असा केला, तीन रांगा, रांगेत चार खुर्च्या:

    खुर्च्या = [["-"] * 4] * 3
    खुर्च्या[0][1] = "भरली"

तिन्ही रांगांतली दुसरी खुर्ची भरली. का?

पेठेतला_पायथन
बाहेरचा गुणाकार रांगेच्या तीन प्रती करत नाही, एकाच रांगेकडे तीनदा बोट दाखवतो. आतला ["-"] * 4 मात्र निर्धोक आहे, कारण मजकूर जागच्या जागी बदलता येत नाही, फक्त त्या जागी दुसरा ठेवता येतो. म्हणून मजकुराच्या गुणाकारात ही अडचण कधीच येत नाही, याद्यांच्या यादीत येते. असं लिहा:

    खुर्च्या = [["-"] * 4 फॉर _ इन रेंज(3)]

प्रत्येक फेरीत नवी रांग तयार होते.

धायरी_फाटा
वर्गात कुणीतरी "अ" * 10 ** 9 (दहाचा नववा घात) करून बघणारच, तेव्हा तयारी ठेवा. पायथन ३.३ पासून मजकुरातल्या सगळ्यात 'मोठ्या' चिन्हाप्रमाणे प्रत्येक चिन्हाला 1, 2 किंवा 4 बाइट दिले जातात. साधी इंग्रजी अक्षरं 1, देवनागरी 2, इमोजी 4. म्हणजे वरच्या ओळीला सुमारे 2 जीबी रॅम लागते. त्यातच एक इमोजी असला तर सगळ्याच चिन्हांना 4 बाइट. प्रयोगशाळेतल्या 4 जीबीच्या संगणकावर मेमरीएरर आला तर नशीब, नाहीतर संगणक नुसता गुरगुरत बसतो. 10 ** 20 दिलं तर लगेच ओव्हरफ्लोएरर येतो आणि संगणकाला काही होत नाही. दाखवायचंच असेल तर ते दाखवा.

फाइलमध्ये लिहिताना हिशोब वेगळा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाला 3 बाइट, त्यामुळे "अ" * 1000 ची फाइल 3000 बाइटची. आणि विंडोजवर ओपन करताना एन्कोडिंग="यूटीएफ-8" द्यायला विसरू नका, नाहीतर पडद्यावर नीट दिसलेला मजकूर फाइलमध्ये जाताना युनिकोडएन्कोडएरर देऊ शकतो.

कर्वेनगर_कोड
मुलं पुढे जावास्क्रिप्टकडे जातात, तेव्हा हे उलटं होतं. तिथे "8500" * 12 चं उत्तर खरंच 102000 येतं, आणि "मोरया" * 3 चं उत्तर एनएएन, म्हणजे 'ही संख्या नाही'. पुनरावृत्तीसाठी "मोरया".रिपीट(3) आहे. त्याला ऋण संख्या दिली की रेंजएरर. 2.9 दिलं तर छाटून 2. जावात रिपीट आवृत्ती ११ पासून आहे, त्याआधीच्या आवृत्तीवर शिकवत असाल तर लूपच.

एक्सेलमध्ये आरईपीटी नावाचं सूत्र आहे. धरणांचा आलेख त्यातही होतो, पण ते अपूर्णांक छाटतं. राउंड आधी लावा, नाहीतर खडकवासला पुन्हा एका ठोकळ्यावर.

एरंडवणे_वर्ग
पुरेसं झालं, आभार. क्रम असा लावतेय: मोरया, मग भाडं, मग धरणं, मग कंदील. खुर्च्या याद्या शिकवल्यावर. रेघ सरसकट 40 ची.

एकच राहिलं. "निळा-पिवळा-" अशी पट्टी बरोबर 25 चिन्हांची हवी असेल तर? पताकांचं चित्र करायचंय.

पेठेतला_पायथन
इंग्रजी किंवा साध्या चिन्हांसाठी:

    (नमुना * (25 // लेन(नमुना) + 1))[:25]

गरजेपेक्षा थोडं जास्त गुणायचं आणि 25 वर कापायचं. नमुना रिकामा असेल तर शून्याने भागल्याची चूक येईल, ती आधी तपासा. मराठी शब्दांवर हे करू नका, काप नेमका अक्षर आणि मात्रेच्या मध्ये पडू शकतो. पताकांना ▲▽ अशी चिन्हं घ्या आणि रंगांची नावं वेगळ्या ओळीत छापा.